दुसरं पाकीट उघडू नका

सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला, की ग्रुपवर दोनच विषय असतात. ट्रिपला कुठे जायचं आणि 'यार, लूकमध्ये काहीतरी चेंज हवाय'. ट्रिप बहुतेक वेळा होत नाही. चेंज मात्र होतो, कारण तो कोपऱ्यावरच्या दुकानात पाकिटातून मिळतो आणि त्याला घरच्यांची परवानगी लागत नाही. पाकिटावरची मॉडेल मधाळ तपकिरी केस उडवत असते. दार लावून, जुना टीशर्ट घालून, मैत्रिणीला टूथब्रशने मागची बाजू रंगवायला लावून चाळीस मिनिटं थांबायचं. मग केस धुवून आरशात बघायचं, तर मुळांपाशी नारिंगी, मध्ये थोडंसं तांबूस आणि टोकांना काहीच नाही.

हे तुमचं झालं असेल, किंवा तुमच्या रूममेटचं झालं असेल. केस घरी रंगवावेत की नाही, यावर मला बोलायचं नाही. रंगवा की. पार्लरचे दर बघितल्यावर विद्यार्थ्याने दुसरं काय करायचं? मला बोलायचंय ते आरशात बघितल्यानंतरच्या दोन तासांबद्दल. माझं स्पष्ट मत आहे, की केसांची खरी वाट पहिल्या पाकिटाने लागत नाही. ती त्याच रात्री उघडलेल्या दुसऱ्या पाकिटाने लागते.

आधी नारिंगी रंग येतो कुठून ते बघू. आपल्या काळ्या केसांत मेलॅनिन ठासून भरलेलं असतं. डायमधला डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. तो हे मेलॅनिन थोडंसं फिकं करतो आणि त्याच वेळी डायचे बारीक रेणू केसाच्या आत शिरून, एकमेकांना जोडून मोठे होतात आणि तिथेच अडकतात. काळा केस फिका होताना आधी लालसर होतो, मग नारिंगी, मग पिवळा. हा क्रम टाळून थेट पाकिटावरच्या फोटोपर्यंत कोणी पोचत नाही. त्यात डोक्याच्या कातडीची ऊब असते, म्हणून मुळांपाशी रंग भराभर चढतो. टोकाचे केस जुने असतात, त्यांवर आधीचा रंग असतो, तिथे गाडी हलतच नाही. पार्लरवाल्या ताई मुळांना सगळ्यात शेवटी हात लावतात, तो याचसाठी. आपण मात्र भांगातूनच सुरुवात करतो, कारण पांढरे केस झाकताना आईला तसंच करताना बघितलेलं असतं.

म्हणजे तुमच्या हातून काही भयानक घडलेलं नसतं, रसायनाने त्याचं काम केलेलं असतं. आता रात्री अकरा वाजता उरलेल्या अर्ध्या ट्यूबकडे बघून डोक्यात विचार येतो, की यावर अजून एक थर दिला तर सगळं एकसारखं होईल.

होत नाही. डायने डाय निघत नाही. एकदा केसात बसलेला कृत्रिम रंग त्यावर फिका रंग लावून हलत नाही, तो फक्त आणखी गढूळ होतो. मग दुसरा विचार येतो ब्लीचचा, आणि इथे मात्र खरंच भीती बाळगा. ब्लीचची पावडर आणि जास्त ताकदीचा डेव्हलपर मिळून केसातला रंग तर खातातच, पण केसाला बांधून ठेवणारे प्रथिनांचे बंधही तोडतात. डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. १० म्हणजे साधारण ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. दुकानदाराला तुम्ही 'स्ट्राँग वाला द्या' म्हणता, तेव्हा काय मागताय ते एवढंच लक्षात असू द्या. नुकत्याच रंगवलेल्या, आधीच आग होत असलेल्या डोक्यावर हे पुन्हा लावलं, तर कातडी भाजते. अक्षरशः भाजते, फोड येतात. आणि केस हातात येतात.

केस मेलेली वस्तू आहे, हे आपण बारावीच्या आधीच शिकलोय. पण त्याचा अर्थ इथे लागतो. गुडघा फुटला तर खपली धरते, केस तुटला तर जोडला जात नाही. 'रिपेअर' असं लिहिलेला कोणताही मास्क केसाला वरून गुळगुळीत करतो, विंचरणं सोपं करतो, आतली मोडतोड पूर्वीसारखी करत नाही. नवीन केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे केस कानापाशी तुटले, तर हिशेब तुम्हीच करा. नारिंगी केस हा दोन आठवड्यांचा प्रश्न असतो, तुटलेले केस दोन वर्षांचा.

हे सगळं थोडंफार माहीत असूनही दुसरं पाकीट का उघडलं जातं? मला वाटतं, केमिस्ट्री कळत नाही म्हणून नव्हे. सकाळी साडेसातला लेक्चर असतं म्हणून. घरी जायचंय आणि दारातच बाबा चष्म्यावरून बघतील म्हणून. मामाच्या लग्नाला चार दिवस उरलेत आणि तिथे एखादी काकू हमखास विचारणार, 'काय गं, केसांना कावीळ झालीय का?' म्हणून. आणि सगळ्यात जास्त म्हणजे आपण, मित्रमैत्रिणी, फोटो काढणार म्हणून. एखादीने स्कार्फ काढला, की सगळ्यात आधी मोबाइल वर होतात. तिचं टोपणनाव ठरतं, स्टिकर बनतो, तो तीन वर्षं ग्रुपमध्ये फिरतो. आपल्या दृष्टीने तो पाच सेकंदांचा विनोद असतो, पण त्याच भीतीने ती रात्री दोन वाजता डोक्यावर ब्लीच चोपडत असते. हसू नका असं मी म्हणत नाही, नारिंगी केस विनोदी दिसतात हे खरंच आहे. पण तिने आधी हसावं, मग आपण.

मुलांनाही हे तितकंच लागू आहे. पुढच्या झुलपांना सोनेरी करणारे तर गल्लोगल्ली दिसतात. फरक इतकाच, की मुलगा बिघडल्यावर झिरो मशीन मारून मोकळा होतो आणि कोणी काही विचारत नाही. मुलीने तेच केलं, तर घरी आधी 'काय झालं, कोणी काय केलं' अशी चौकशी आणि मग आयुष्यभराची आठवण. त्यामुळे 'एवढं काय, काप ना' हा सल्ला मुलांनी मुलींना देऊ नये. तो ऐकून संताप येतो.

आता जरा गंभीर. लाजेपोटी आपण फक्त रंगच लपवत नाही, खाजही लपवतो. बहुतेक गडद पक्क्या रंगांमध्ये पॅराफिनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याचं एखादं भावंड असतं. काहींना याची ॲलर्जी होते. ती पहिल्याच वेळी होईल असं नाही. पाच वेळा काही झालं नाही आणि सहाव्या वेळी झालं, असंही होतं. लगेच दिसेल असंही नाही. रंगवल्यावर काही तासांनी किंवा दोन दिवसांनी कपाळाच्या कडेला, कानामागे, मानेवर लालसर पुरळ येतो, पापण्या सुजतात, पाणी सुटतं. अशा डोक्यावर 'दुरुस्ती' म्हणून आणखी एक डाय लावणं म्हणजे आगीवर रॉकेल ओतणं. आणि एकदा ही ॲलर्जी झाली, की ती सहसा आयुष्यभर राहते. जत्रेत हातावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून घेतला होता आणि तिथे फोड आले होते, असं कधी झालं असेल तर केसांना डाय लावण्याआधी दहा वेळा विचार करा. त्या काळ्या 'मेंदी'त बऱ्याचदा हेच पीपीडी असतं.

या लेखासाठी मी ऑफिसजवळच्या दुकानात तीन-चार पाकिटं उलटी करून वाचली. दुकानदार वैतागला, ते असो. हेअर डायवर आधी चाचणी घेण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना असलीच पाहिजे, ती इंग्रजीसोबत स्थानिक भाषेतही हवी, असा आपल्याकडे नियम आहे. पापण्यांना लावल्यास आंधळेपण येऊ शकतं, इतक्या थेट शब्दांत ती सूचना द्यावी लागते. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावायचा, चोवीस तासांनी धुवायचा, काही झालं नाही तरच पुढे जायचं. काही कंपन्या ४८ तास सांगतात. आणि हे दर वेळी करायचं, फक्त पहिल्या वेळी नाही. नियमात सगळं आहे. पण पुढच्या बाजूला मॉडेलचा चेहरा तळहाताएवढा आणि ही सूचना मुंगीच्या पायाएवढी. ज्या गोष्टीने डोळा जाऊ शकतो ती वाचायला भिंग लागावं, हे मला पटत नाही. कंपन्यांनी ही सूचना ठळक छापावी यासाठी आपण तरुण ग्राहकांनी ओरडायला हवं. 'अमोनिया फ्री' हे मात्र केवढं मोठं छापलेलं असतं! अमोनिया नसला म्हणजे वास कमी येतो. त्याच्या जागी दुसरा अल्कली असतो, पेरॉक्साइड असतोच आणि पीपीडीही असू शकतं.

आणि आता आपल्या घरातल्या लाडक्या मेंदीकडे येऊ. मेंदीबद्दल वाईट बोललं तर माझी आजी मला जेवायला वाढणार नाही, त्यामुळे जपून लिहिते. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली, चहाचं पाणी, कात घातलेली शुद्ध मेंदी बहुतेकांना सोसते. तिचा रंग केसातल्या केराटिनला घट्ट धरून बसतो, म्हणून तो सहजासहजी निघत नाही. पण दुकानातली 'काळी मेंदी' किंवा 'दहा मिनिटांत बरगंडी मेंदी' ही वेगळी वस्तू आहे. पानांतून काळा रंग दहा मिनिटांत येत नाही. अशा पुड्यांत बऱ्याचदा डायमधलीच रसायनं असतात आणि काहींत धातूंचे क्षार. या क्षारांवर पेरॉक्साइड किंवा ब्लीच पडलं, तर केस तापतात, वाफ येते, रंग भलताच होतो, केस तुटतात. निळीच्या पानांची, म्हणजे इंडिगोची पावडर लावलेल्या केसांवर ब्लीच केलं, तर चक्क हिरवट छटा येते. म्हणून 'मी काहीच लावलेलं नाही, फक्त मेंदी लावते' हे वाक्य पार्लरमध्ये ऐकलं, की तिथल्या अनुभवी ताई सावध होतात.

बरं, मग करायचं काय? सांगते. त्या रात्री केस पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, कंडिशनर लावा आणि झोपा. डोकं चुरचुरत असेल तर धुणं आणखी वेळ चालू ठेवा. डोळ्यात गेलं असेल तर नळाच्या वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवून डॉक्टर गाठा. चेहरा किंवा ओठ सुजायला लागले, श्वासाला जड वाटलं, तर सकाळची वाट बघू नका, रेक्टर मॅडमना उठवा आणि हॉस्पिटलला जा. त्या रागावतील. रागावू देत.

दुसऱ्या दिवशी केस उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच भयाण दिसतं. नेमकं काय बिघडलंय हे कळलं, तर अर्धं काम होतं. रंग हवा त्यापेक्षा गडद झालाय, ही सगळ्यात सोपी चूक. ताजा रंग पहिल्या काही धुण्यांत थोडा उतरतोच. तेल काढणारा, जरा कडक क्लॅरिफाइंग शाम्पू आठवड्यात दोन-तीन वेळा वापरलात, तर अजून थोडा उतरेल. केस कोरडे पडतील, म्हणून प्रत्येक वेळी कंडिशनर. निळा, गुलाबी, जांभळा असे फॅन्सी रंग, ज्यांना डेव्हलपर लागत नाही, तेही धुण्याने फिके होत जातात. मात्र निळा सगळा निघेलच याची खात्री नको. पिवळ्या केसांवरचा निळा उतरता उतरता हिरवा दिसायला लागतो, तेव्हा घाबरू नका.

केस नारिंगी किंवा पिवळे पडले असतील, तर शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचं रंगचक्र आठवा. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. पिवळ्याला जांभळा, नारिंगीला निळा, लालसरपणाला हिरवा. जांभळा शाम्पू, निळा शाम्पू मिळतो तो यासाठी. पण हे शाम्पू केस फिके करत नाहीत, फक्त डोळ्यांना खुपणारी झाक दाबतात. नारिंगी केसांवर जांभळा शाम्पू घासून 'काहीच फरक नाही' म्हणणारे बरेच आहेत. चुकीचा रंग निवडलेला असतो, दुसरं काही नाही.

आणि सरळ काळं करून टाकायचं असेल तर? पर्याय आहे, स्वस्तही आहे, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. काळा डाय एकदा आत बसला, की पुढची एक-दोन वर्षं फिक्या रंगाचं नाव काढू नका, तो काढणं सगळ्यात अवघड. आणि ब्लीच होऊन पिवळेधमक झालेल्या केसांवर थेट राखाडी झाकेचा ब्राऊन लावला, तर तो हिरवट, चिखलासारखा दिसतो. तपकिरी रंगाला खाली लाल-सोनेरी आधार लागतो आणि ब्लीचने तो काढून टाकलेला असतो. आधी तो भरावा लागतो. हे काम जाणकार हाताचं आहे.

केसांत जीव किती उरलाय हे बघायला एक साधी युक्ती आहे. एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. थोडा ताणून परत जागेवर आला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबतच गेला किंवा पटकन तुटला, तर निदान काही आठवडे कुठलंही रसायन नको. स्ट्रेटनिंगची इस्त्रीसुद्धा नको. धड असलेल्या केसांनाही पुन्हा ब्लीच करण्याआधी किमान दोन आठवडे द्यावेत. खोबरेल तेल लावा, ते खरंच केसात शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. इथे आजी बरोबर आहे.

लिंबू आणि खाण्याच्या सोड्याबद्दल मला रोज कोणीतरी विचारतं. लिंबू आम्ल आहे, सोडा अल्कली. सोड्याने केसावरची खवलं उघडतात, रंगाबरोबर मऊपणाही जातो. लिंबू लावून उन्हात बसलात, तर कपाळावर, मानेवर जिथे रस ओघळतो तिथे काळे डाग, कधी फोडही येतात. भांडी घासायचा साबण रंग काढतो हे खरं, पण मग केसही भांडी घासायच्या काथ्यासारखे होतात. आणि फरशी पुसायचं किंवा कपड्यांचं ब्लीच केसांना लावायचा विचारसुद्धा करू नका. नाव एक असलं, तरी ते रसायन पूर्ण वेगळं आहे.

आता पैशांचं. बिघडलेला रंग सुधारून घ्यायला मोठ्या सलूनमध्ये जो आकडा सांगतात, त्यात महिन्याची मेस भागते. हे मला कळतं. म्हणून उपाय फक्त 'एक्स्पर्टकडे जा' असा सांगून मी मोकळी होणार नाही. सगळं डोकं सुधारून घ्यायची गरज बऱ्याचदा नसते. भांगाजवळचा नारिंगी पट्टा तेवढा गडद करून घेणं, टोकं तीन बोटं कापणं, भांग बदलणं, पुढचे दोन महिने अंबाडा किंवा वेणी, यात निम्मं काम होतं. सल्ला विचारायला पैसे पडत नाहीत. गल्लीतल्या पार्लरमध्ये दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जा आणि 'काय करता येईल, किती लागतील' एवढंच विचारा. कोणी 'आजच्या आज सोनेरी करून देते' म्हणालं, तर थँक यू म्हणून बाहेर पडा. 'दोन-तीन वेळा यावं लागेल' म्हणणारी ताई खरं बोलतेय.

पार्लरवाल्या तायांनाही एक विनंती. मुलगी घाबरून आलेली असते. 'कशाला केलंस घरी? आता भोग' हे तिने घरी ऐकलेलंच असतं. असं बोललं, की ती पुढच्या वेळी खरं सांगत नाही. काळी मेंदी लावली होती हे लपवते आणि मग तुमच्याच हातून ब्लीच लागून तिचे केस तुटतात.

तुम्हीही जाताना पाकीट सोबत न्या. फेकलं असेल तर कचऱ्याच्या डब्यातून काढा. शेडचा नंबर, डेव्हलपरचा आकडा, किती वेळ ठेवलं, गेल्या दोन-तीन वर्षांत कधी कधी काय लावलं, हे मोबाइलमध्ये लिहून घ्या. लांब केस असतील, तर टोकांवर तीन वर्षांपूर्वीची मेंदी अजून बसलेली असते. तुम्ही विसरलात तरी ती ब्लीचला आठवते. आधी मानेमागची एक बट घेऊन तिच्यावर करून बघायला सांगा. अर्धा तास जास्त लागेल, ताई कुरकुरतील कदाचित. तुम्ही हट्ट धरा.